प्लेगातले पुणे : काही जुनी छायाचित्रे आणि रँडचा खून

२२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबाचा खून झाला आणि पुढे चापेकर बंधू फासावर गेले, एवढा धडा आपण सर्व जणींनी शाळेत वाचलेला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; पण हा धडा सातवीच्या अलीकडचा, म्हणून तो माझ्याही वाट्याला आला. मात्र त्या वेळचे पुण्यातले रस्ते कसे होते, गल्ल्या कशा होत्या, हे धड्यात नव्हते. ते पाहायला मिळाले गेल्या दोन-तीन वर्षांत, जुन्या छायाचित्रांच्या पुस्तकांतून आणि प्रदर्शनांतून. घरातले आवरून दुपारी तास-दीड तास मिळतो, त्यात भिंग घेऊन मी ही चित्रे पाहत बसते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला तेव्हा म्हटले, पाककृती लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. आपण याविषयी लिहावे.

प्रथम थोडी माहिती सांगते, म्हणजे चित्रांचा उलगडा होईल. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. लोक मुंबई सोडून पळू लागले आणि रोग आगगाडीत बसून सगळीकडे गेला, पुण्यालाही आला. आधी घरात उंदीर पडत, मग माणसाला ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई, आणि चार-सहा दिवसांत पुष्कळांचा निकाल लागे. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेग कमिटी नेमली आणि तिचा मुख्य म्हणून साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला आणले. मदतीला गोरे व देशी मिळून ८९३ अंमलदार व शिपाई दिले. गोरे सोजीर डरहॅम लाइट इन्फंट्री या पलटणीचे होते. १३ मार्चपासून घरांची झडती सुरू झाली, ती १९ मेपर्यंत चालली. एका तुकडीत तीन गोरे शिपाई आणि एक देशी गृहस्थ असे. घरात शिरायचे, माणसे बाहेर काढून तपासायची, रोगी असेल त्याला इस्पितळात व त्याच्या घरच्यांना छावणीत पाठवायचे, सामानसुमान जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना लावायचा, असे ते काम होते.

आता चित्रे. पुण्याची गल्ली, दोन्हीकडे लाकडी सज्ज्यांची घरे, खाली ओटे. मध्ये उन्हाच्या टोप्या घातलेले सोजीर उभे. भिंतीशी रांगेने माणसे, कुणी उपरणे घेतलेला, कुणी उघडा, पोरे मात्र पुढे. दुसऱ्या चित्रात घरातले सामान रस्त्यात काढून ठेवलेले. वळकट्या, फडताळ, हंडे-कळशा, आणि एका बाजूला पाळणा. घर रिकामे करायची वेळ आली म्हणजे बाईच्या हातून काय काय बाहेर येते ते आपल्याला ठाऊक आहे. पुरुषमाणूस ते चित्र पाहून सोजीर मोजील. मी आधी भांडी मोजली. मुंबईच्या चित्रांत कुठे छपराची कौले काढलेली दिसतात, आत ऊन यावे म्हणून. तिथल्या घरांच्या भिंतींवर वर्तुळे रंगवलेली आहेत. त्या घरात प्लेगने माणूस दगावला की एक वर्तुळ काढायचे. एकेका दाराशी अशी कितीतरी वर्तुळे आहेत.

ही चित्रे घेणारा सरकारच्या बाजूचा, हे पाहताक्षणी कळते. त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिवईवर ठेवलेली पेटी आणि आत काचेची पट्टी. माणसांना हलू नका म्हणून सांगावे लागे. हलला तो पुसट येई. म्हणजे या चित्रांतली माणसे उभी केलेली आहेत. सोजीर नीट उभे, लोक नीट उभे, साहेब नीट उभा. पाहणाऱ्याला वाटावे, केवढी शिस्त! काम कसे चोख चालले आहे! आणि शिस्त नव्हती असे नाही. पण चित्र नेहमी रस्त्यावरच संपते. उंबऱ्याच्या आत कॅमेरा जात नाही. सोजीर मात्र जात होता. स्वयंपाकघरात बूट घालून जात होता, देवघरात जात होता.

या चित्रांत बायका फार थोड्या दिसतात. दिसलीच तर एखादी कडेला, पदर पुढे ओढून, तोंड भिंतीकडे केलेले. वास्तविक झडतीचा सर्वांत मोठा जाच झाला तो त्यांनाच. गाठ काखेत आणि जांघेत येते, तेव्हा तपासायचे तिथेच. पुरुषाने सदरा काढला की झाले. बाईने काय करावे? लोकांची तक्रार अशी होती की बायकांनाही परक्या पुरुषांसमोर, दाराशी, रस्त्यात उभे करून तपासले जाते. ज्या काळी बाई सासऱ्यासमोर मोठ्याने बोलत नसे, त्या काळची ही गोष्ट आहे.

रँडने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे की, कोणा स्त्रीचा जाणूनबुजून अपमान केल्याची विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे अथवा पलटणीच्या अंमलदारांकडे आली नाही, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तक्रार आली नाही, हे अगदी खरे असेल. पण तक्रार घेऊन जायचे कोणी, आणि कोणाकडे? ज्याचे शिपाई त्याच्याच कचेरीत? आणि तिथे जाऊन त्या बाईने चारचौघांत काय सांगायचे? सांगितल्यावर घरी परत आली तर घरचे तिला घरात घेतील की नाही, याचीच जिथे शाश्वती नाही तिथे तक्रारीचा कागद कसा यायचा?

याच मुद्द्यावर केवढे प्रकरण झाले ते आपल्या शालेय पुस्तकात नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेला गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रे जात. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्रात सांगितले की, सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांतील एकीने प्राण दिला. विलायतेत गडबड उडाली. सरकारने विचारले, पुरावा काय? गोखले परत आले, तेव्हा पुण्यात कोणीही पुढे येऊन नाव सांगायला तयार होईना. शेवटी १८९७ मध्येच गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीबद्दल लोकांनी त्यांना पुष्कळ टोचून बोलले. मला त्यात गोखल्यांचा राग येत नाही. सभ्य माणूस, हाती पुरावा नाही, मग दुसरे काय करणार? परंतु ज्यांनी पत्रे लिहिली ते पुरुष गप्प का बसले, हा प्रश्न मनातून जात नाही. घराण्याची अब्रू म्हणून गप्प बसले असणार. म्हणजे ज्या अब्रूसाठी एवढा संताप, तिच्याच पायी साक्ष मिळाली नाही.

एका बाईने मात्र आपले नाव घालून लिहिले. त्या पंडिता रमाबाई. त्यांच्या संस्थेतील एका मुलीला प्लेगच्या संशयावरून नेले होते, आणि तिची तिथे धड व्यवस्था राहिली नाही. रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात बाँबे गार्डियन या पत्रात इस्पितळाच्या व छावणीच्या कारभाराबद्दल लिहिले, बायकांना तिथे कशी वागणूक मिळते ते सांगितले. सरकारने ते म्हणणे खोटे ठरवले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, म्हणून पुण्यातल्या आपल्या लोकांचाही त्यांच्यावर रोष होता. दोन्हीकडून एकट्या पडलेल्या बाईने ते लिहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एरवी रँडच्या खुनाच्या गोष्टीत त्यांचे नाव कुणी घेत नाही.

सरकारच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर लिहिणे एकांगी होईल. रोग खरा होता. माझ्या सासूबाई सांगत, त्यांची आजी त्या वेळी सहा-सात वर्षांची होती. तिच्या थोरल्या भावाला ताप भरला तेव्हा सोजीर नेतील म्हणून घरच्यांनी त्याला माळ्यावर गोधड्यांच्या ढिगामागे लपवले. सोजीर आले, खालचे सगळे पाहून गेले. भाऊ सापडला नाही. तिसऱ्या दिवशी तो माळ्यावरच गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याला पाणी देणारी काकू. सासूबाईंच्या आजीला म्हातारपणापर्यंत माळ्यावर चढायची भीती वाटे. लोणच्याची बरणी काढायलाही दुसऱ्याला पाठवी. तेव्हा लपवले हे बरोबर की चूक, सांगा! नेले असते तरी त्या इस्पितळातून किती परत येत होते? पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली.

शिवाय रोग कसा पसरतो हे रँडलाही ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरांनाही नव्हते. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदराच्या अंगावरची पिसू तो माणसाला देते, हे सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवले १८९८ मध्ये, आणि सगळ्यांना पटायला त्यानंतरही काही वर्षे गेली. म्हणजे जमिनी उकरल्या, चुना फासला, बायकांना रस्त्यावर उभे केले, आणि खरा गुन्हेगार उंदराबरोबर शेजारच्या घरात गेला. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईला लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती, पण ती सर्वांपर्यंत पोचायला वेळ लागला.

तोच १८९७ चा कायदा २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या वेळी पुन्हा लागू झाला, हे आपण पाहिलेच. तेव्हाही दारावर माणसे आली, दारावर कागद चिकटवले. परंतु आमच्या दारी आली ती नर्सबाई. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, कपाळापासून वीतभर अंतरावर यंत्र धरले, दोन प्रश्न विचारले आणि गेली. तीसुद्धा घाबरलेली होती. तेव्हा मला रँडच्या तुकडीत एकही बाई नसे, याचा अर्थ नीट कळला.

आता खुनाकडे वळू. गणेशखिंडीच्या रस्त्याची व तिथल्या गव्हर्नरच्या बंगल्याची जुनी छायाचित्रे पुष्कळ मिळतात, कारण साहेबलोकांना ती जागा फार प्रिय होती. उंच मनोरा असलेला तो राजवाड्यासारखा बंगला, पुढे बाग, आणि शहराकडून येणारा रुंद मोकळा रस्ता. शहरातल्या गल्लीचे चित्र आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवले तर एकाच गावातली आहेत असे वाटणार नाही. एकीकडे रस्त्यात माणसांची दाटी, पाळण्यापर्यंत सगळे बाहेर. दुसरीकडे झाडे आणि सावली, माणूस औषधाला नाही.

२२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाली म्हणून त्या बंगल्यात मेजवानी होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट. टेकड्यांवर जाळ केले होते, आतषबाजी होती. शहरात तेव्हा किती घरांत सुतक असेल याचा विचार कोणी केला असेल असे दिसत नाही. दामोदर हरी चापेकर, त्यांचा भाऊ बाळकृष्ण आणि सोबतीचे लोक रस्त्यावर, पिवळ्या बंगल्याच्या आसपास, वाट पाहत होते. ते मूळचे चिंचवडचे. वडील हरिपंत कीर्तनकार. मध्यरात्रीच्या सुमारास मेजवानी आटोपून गाड्या निघाल्या. “गोंद्या आला रे” ही खुणेची हाक झाली. दामोदर यांनी रँडच्या गाडीवर मागून चढून गोळी घातली. बाळकृष्ण यांनी दुसऱ्या गाडीतील लेफ्टनंट एयर्स्ट याला गोळी घातली. एयर्स्ट जागीच गेला; रँड ३ जुलैला ससून इस्पितळात मेला.

या घटनेचे छायाचित्र नाही, असण्याचा प्रश्नच नाही. अंधारात, धावत्या गाडीवर, त्या काळचा कॅमेरा काय करणार? आपण पुस्तकात जी चित्रे पाहतो ती काढलेली असतात. पण त्या काढलेल्या चित्रांत एक माणूस नसतो. एयर्स्टच्या गाडीत त्याची बायको त्याच्या शेजारी बसलेली होती. नेम रँडवर होता; हा मधल्यामध्ये गेला. चापेकरांविषयी माझ्या मनात आदर आहे. आपल्या लोकांच्या अब्रूसाठी आपला प्राण देणाऱ्यांविषयी तो कोणाच्याही मनात असावा. म्हणून ती गाडीतली बाई दिसायची थांबत नाही.

पुढची हकीकत बहुतेकींना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सरकारने २० हजार रुपयांचे बक्षीस लावले. नातू सरदारांना चौकशीवाचून अटकेत टाकले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून दीड वर्षाची शिक्षा दिली. द्रविड बंधूंनी पोलिसांना खबर दिली आणि दामोदर पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. धाकटा भाऊ वासुदेव आणि महादेव रानडे यांनी ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री पोलिसांची माणसे असल्याचे सांगून द्रविड बंधूंना सदाशिव पेठेतल्या घरातून बाहेर बोलावले आणि रस्त्यात गोळ्या घातल्या. वासुदेव ८ मेला, रानडे १० मेला आणि बाळकृष्ण १२ मेला फाशी गेले. खुन्या मुरलीधराचे देऊळ तिथलेच. पुष्कळांना वाटते की ते नाव द्रविडांच्या खुनावरून पडले. तसे नाही, नाव त्याच्या कितीतरी आधीचे, पेशवाईतल्या एका चकमकीवरून पडलेले आहे. जुन्या छायाचित्रांखाली कधीकधी काहीही लिहिलेले असते, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

तेरा महिन्यांच्या आत एका घरातले तीन मुलगे फासावर गेले. तिघांची छायाचित्रे आहेत, ती आपण पुस्तकांत पाहतो, चौकात त्यांचे पुतळे आहेत. त्या घरातल्या बायकांचे मात्र मला एकही चित्र पाहायला मिळालेले नाही. नवरा गेल्यावर त्या काळी बाईचे काय होत असे ते मी इथे लिहीत नाही. गुन्हेगाराचे घर म्हणून पोलिसांची नजर, शेजाऱ्यांची भीती, आणि घरात मिळवते कोणी नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एखादी ओळ मिळते, पुष्कळदा तीही मिळत नाही.

आणखी एका बाईचे सांगायचे राहिले. रँडची कमिटी पुण्यात काम हाती घेत होती त्याच आठवड्यात, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. त्यांचे वय ६६ होते. मुलगा डॉ. यशवंत याने काढलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. रोगी लपवण्याच्या त्या दिवसांत ही म्हातारी बाई रोग्यांना शोधून दवाखान्यात आणत होती. सरकारच्या झडतीला जे जमले नाही ते माणुसकीने जमत होते. तिला कोणी दार लावत नसे. त्यांचे त्या कामातले छायाचित्र नाही. गव्हर्नरचा तो मनोऱ्याचा बंगला पुढे पुणे विद्यापीठाला मिळाला आणि २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. ज्या दारातून मेजवानी आटोपून रँड निघाला त्या दारावर त्यांचे नाव लागले, हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

गणेशखिंडीचा रस्ता आज जुन्या चित्रावरून ओळखता येणार नाही. विद्यापीठाच्या चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. सायंकाळी त्या रस्त्यावर बसमध्ये अर्धा तास अडकून पडलेली बाई घरी पोळ्या करायच्या राहिल्यात एवढाच विचार करते, आणि ते साहजिक आहे.

कार्यकारिणीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. एक, या वर्षीची मंडळाची सहल चिंचवडला न्यावी. लोकलने गेल्यास खर्च फारसा नाही. मोरया गोसावींचे दर्शन होईल आणि जवळच चापेकरांचा वाडा जतन करून ठेवला आहे, तो पाहता येईल. येताना ज्यांना वेळ असेल त्यांनी विद्यापीठात उतरून तो मनोरा पाहावा. दुसरी, ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे आहेत त्यांनी ती काढून मागे पेन्सिलीने नावे लिहावीत, विशेषतः बायकांची. आमच्या घरी १९३० च्या सुमाराचे एक चित्र आहे. त्यात सात पुरुष खुर्च्यांवर बसलेले असून सर्वांची नावे खाली छापलेली आहेत. मागे पाच बायका उभ्या आहेत. त्यांतल्या तिघींची नावे सासूबाईंनी जाण्याआधी मला सांगितली, ती मी लिहून ठेवली आहेत. उरलेल्या दोघींची विचारपूस चालू आहे.